रॉबर्ट बुन्सेन

शाळेच्या प्रयोगशाळेंत बुन्सेन बर्नर न पाहिलेला विद्यार्थी विरळाच. पण ज्यांचें नांव त्या साधनास लाभलें त्या पुरुषाची माहिती थोड्यांसच असते. म्हणून त्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

रॉबर्ट बुन्सेन यांचा जन्म १८११ सालीं जर्मनींतील गटिंगेन शहरीं झाला. तरुणपणीं आर्सेनिकच्या संयुगांवर प्रयोग करीत असतां स्फोट होऊन त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली, आणि विषबाधेनें प्राणहि संकटांत आले. तथापि तें काम त्यांनीं अर्ध्यावर टाकलें नाहीं. पुढें लोखंडाच्या भट्ट्यांतून निघणारे वायु त्यांनीं मोजले. लायन प्लेफेअर यांच्यासह इंग्लंडांत केलेल्या मापनांत असें दिसलें कीं, इंधनाच्या उष्णतेचा सुमारें शेंकडा ८० भाग वायूंच्या रूपानें फुकट जात होता! बर्नरपेक्षांहि हें मापन आम्हांस मोठें वाटतें.

१८५२ सालीं ते हायडेलबर्ग विद्यापीठांत आले. तेथील नव्या प्रयोगशाळेंत गॅस आला, पण त्याची ज्योत पिवळी व काजळी धरणारी. कारण गॅस व हवा जळतांनाच एकत्र येत. बुन्सेन यांनीं हे दोन प्रवाह आधींच मिसळण्याचें ठरविलें, आणि १८५५ च्या सुमारास पेटर डेसागा या कुशल कारागिराकडून बर्नर करवून घेतला. विद्यार्थ्यांनीं नळीच्या तळाशीं असलेलीं छिद्रें पाहावीं. बारीक तोंडांतून जोरानें सुटणारा गॅस त्यांतून हवा ओढून घेतो, नळींत दोहोंचें मिश्रण होतें, व वर निळी, प्रखर ज्योत जळते. मिश्रणाचा वेग फार मंदावला तर ज्योत नळींत उतरते. फार वाढला तर ती उडून विझते. ज्योतीचा हा वेगहि बुन्सेन यांनीं मोजला.

आज विमानाच्या एंजिनांत इंधन व हवा अनेक वाटांनीं शिरतात, आणि प्रवाह भोवऱ्यांनीं भरलेला असतो. शास्त्रज्ञ त्या जागेचे लक्षावधि सूक्ष्म भाग कल्पून कोठें किती मिसळलें व किती जळलें, याचें गणित संगणकाकडून करवितात. तें खरें कीं खोटें हें पडताळावयास मात्र त्यांस प्रयोगशाळेंतील ज्योतीकडेच यावें लागतें.

बुन्सेन यांनीं बर्नरचें पेटंट घेतलें नाहीं. त्याच जवळजवळ रंगहीन ज्योतींत पदार्थ तापवून व त्यांचा प्रकाश पारखून त्यांनीं किर्खोफ यांच्यासह १८६० त सीझियम आणि १८६१ त रुबिडियम हीं मूलद्रव्यें शोधिलीं. ते आजन्म अविवाहित होते. १८८९ त अध्यापन सोडल्यावर ते भूगर्भशास्त्रांत रमले, व १६ ऑगस्ट १८९९ रोजीं हायडेलबर्ग येथें निवर्तले.