शाळा सुटली, आता पुढे काय? युवकांचा पिता संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. आपल्या धर्मग्रामांत त्या दिवशी युवकांसाठी मिस्सा होते, खेळांचे सामने होतात, बक्षिसे वाटली जातात. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्या प्रश्नाने या संताची झोप उडवली होती, तो प्रश्न सणाच्या गर्दीत मागे राहू नये, असे आम्हांस वाटते. शाळा सोडलेल्या मुलाने पुढे काय करावे, हा तो प्रश्न.

हिंगोली जिल्ह्यातील साखरा हे गाव आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या परिसरात येते. सोयाबीन, तूर आणि हळद पिकवणारा हा मुलूख. येथे काय किंवा मराठवाड्यातील दुसऱ्या कोणत्याही खेड्यात काय, दहावी-बारावीचा निकाल लागला की काही मुले पुढे शिकायला जातात आणि उरलेली पारावर बसू लागतात. घरची जमीन थोडी, भाऊ अधिक, पाऊस बेभरवशाचा. मग कोणी पुण्याची वाट धरतो, कोणी संभाजीनगरची, तर कोणी कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. जाणाऱ्या मुलाच्या हाती कसब नसते, खिशात ओळखीची चिठ्ठी नसते आणि मनात ठरलेले ध्येयही नसते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इटलीतील तुरीन शहरात अशाच मुलांचे लोंढे येत होते. त्यांच्यामध्ये उभे राहिलेल्या या धर्मगुरूचे जीवन म्हणूनच आज आपण नव्याने पाहू या.

दुष्काळात वाढलेला मुलगा

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पिएमाँत प्रांतातील कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की या वाडीत झाला. वडील फ्रान्सिस शेतकरी होते. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा १८१७ च्या मे महिन्यात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास त्या भागात भीषण दुष्काळ पडला. धान्य विकत मिळेना. तेव्हा आई मार्गारेटने गोठ्यातील वासरू कापून लेकरांची आणि वृद्ध सासूची भूक भागवली. आई निरक्षर होती, परंतु तिची श्रद्धा अढळ होती. प्रार्थना आणि कष्ट हे दोन्ही संस्कार जॉनला तिच्याकडूनच मिळाले.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. मुलांचा एक जमाव शिव्या देत भांडत होता आणि त्यांना गप्प करण्यासाठी जॉन मुठी आवळून धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि ही मुले माराने नव्हे तर सौम्यतेने व प्रेमाने जिंकायची आहेत, असे समजावले. या स्वप्नाचा पूर्ण अर्थ कळायला त्याला पुढचे सारे आयुष्य लागले. कामाला मात्र त्याने लगेच सुरुवात केली. जत्रेत डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो दोरीवर चालायला आणि हातचलाखी करायला शिकला. रविवारी वाडीतील लोक जमवून तो खेळ दाखवी. त्याचे तिकीट एकच होते, ते म्हणजे आधी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना करायची.

जॉनला शिकून धर्मगुरू व्हायचे होते. सावत्र भाऊ अँथनीला मात्र घरात पुस्तक नको, शेतात हात हवे होते. घरात रोज वाद होऊ लागले. अखेर १८२८ च्या थंडीत आईने काळजावर दगड ठेवून बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर पाठवले. मोल्या नावाच्या शेतकरी कुटुंबाकडे तो सालगडी म्हणून राबला. शाळेपासून तुटलेले मूल म्हणजे काय, हे त्याने असे स्वतः भोगून जाणले होते.

पुढे एका वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिनचे धडे दिले आणि १८३१ साली तो किएरी शहरात शिकायला गेला. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्याने मिळेल ते काम केले. शिंप्याकडे शिवण शिकला, लोहाराच्या भट्टीवर हातोडा चालवला, सुतारकाम व चांभारकाम आत्मसात केले, कॉफीगृहात नोकरी करता करता मिठाई बनवायलाही शिकला. आपण शिकत असलेला प्रत्येक धंदा एके दिवशी शेकडो मुलांच्या उपयोगी पडणार आहे, याची त्याला तेव्हा कल्पनाही नव्हती. तेथेच १८३२ साली त्याने सोबत्यांचे एक आनंदी मंडळ स्थापन केले. मंडळाचे नियम थोडके होते. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलणे-वागणे करायचे नाही, अभ्यासाचे व धर्माचे कर्तव्य चुकवायचे नाही आणि सदैव आनंदी राहायचे.

तुरीनच्या रस्त्यांवर

५ जून १८४१ रोजी जॉन बॉस्को यांना गुरुदीक्षा मिळाली. संत योसेफ काफास्सो यांच्या मार्गदर्शनाखाली ते तुरीनच्या तुरुंगांना भेटी देऊ लागले. गजाआड त्यांना बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले दिसली. सुटलेली मुले काही दिवसांत पुन्हा आत येत, कारण बाहेर त्यांचे कोणीही नव्हते. शहर झपाट्याने वाढत होते. डोंगराळ खेड्यांतून आलेली पोरे गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहत, धुराडी साफ करत आणि रात्री कोठेही पडून राहत.

त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी, निष्कलंक मरियेच्या सणाच्या दिवशी, बार्थोलोमिओ गारेल्ली नावाचा असाच एक पोरका मुलगा थंडीने कुडकुडत ख्रिस्तमंदिराच्या वस्त्रागारात शिरला. तेथील सेवकाने त्याला मारून हाकलले. फादर बॉस्को यांनी त्याला परत बोलावून घेतले. मुलाला लिहिता येत नव्हते, वाचता येत नव्हते, प्रार्थनाही येत नव्हती. तेव्हा शीळ तरी वाजवता येते का, असे त्यांनी विचारले आणि तो मुलगा हसला. नमो मरिया म्हणून त्यांनी त्याला पहिला धडा दिला. पुढच्या रविवारी तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला. या घटनेलाच सालेशियन कुटुंब आपल्या कार्याचा आरंभ मानते.

मुले वाढत गेली, पण जागा मिळेना. दंगा नको म्हणून लोक त्यांना हुसकावून लावत. १८४६ च्या इस्टरला वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची शेड भाड्याने मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अठ्ठावन्न वर्षांची आई मार्गारेट आपले घर सोडून लेकाच्या मदतीला आली आणि तिने लग्नातील कपडे व दागिनेही मुलांसाठी विकले.

हे कार्य सोपे नव्हते. सुरुवातीला काही मुलांना गवताच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, तर सकाळी मुलेही नव्हती आणि पांघरुणेही नव्हती. १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारी आला, तेव्हा माऊलीने त्याला स्वयंपाकघरात जागा करून दिली, पण भांडी जाऊ नयेत म्हणून दाराला कुलूप घातले. झोपण्यापूर्वी तिने त्याला कष्ट, प्रामाणिकपणा आणि देव यांविषयी चार प्रेमाचे शब्द सांगितले. तो मुलगा राहिला. पुढे खेळाच्या भरात मुलांनी तिचा भाजीचा वाफा तुडवला, तेव्हा ती गावी परत जायला निघाली. फादर बॉस्को काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखवले आणि माऊली पुन्हा कामाला लागली. १८५६ साली तिचे देहावसान झाले. तोवर ती शेकडो मुलांची आई झाली होती.

कागदावर करार, हाती कसब

फादर बॉस्को यांनी मुलांना केवळ जेवण आणि उपदेश दिला नाही. दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठी त्यांनी रात्रीचे वर्ग काढले. देशात १८५० पासून दशमान पद्धतीची वजने-मापे सक्तीची होणार होती. मोजमापात अडाणी राहिलेला कामगार फसवला जाणार, हे ओळखून त्यांनी त्या विषयावर सोप्या भाषेत पुस्तक लिहिले.

मुले ज्या मालकांकडे काम शिकत, त्यांच्याकडे फादर स्वतः जात. जोसेफ ओदास्सो या मुलासाठी ८ फेब्रुवारी १८५२ रोजी केलेला सुतारकामाचा करार आजही जतन केलेला आहे. त्यावर मालक, मुलगा, मुलाचे वडील आणि फादर बॉस्को या सर्वांच्या सह्या आहेत. मालकाने दोन वर्षांत धंदा पूर्ण शिकवावा, चूक झाल्यास शब्दांनी समजवावे पण हात उचलू नये, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, सणवार मोकळे ठेवावेत आणि ठरल्याप्रमाणे मजुरी वाढवत न्यावी, अशा अटी त्यात आहेत. मुलानेही आज्ञाधारक व मेहनती राहावे, असे त्याच कागदावर लिहिले आहे. म्हणजे हक्क आणि कर्तव्य मुलाला एकाच वेळी शिकवले गेले.

पुढे त्यांनी वाल्दोक्को येथेच कार्यशाळा उभ्या केल्या. १८५३ साली चांभारकाम व शिवणकाम, १८५४ साली पुस्तकबांधणी, १८५६ साली सुतारकाम आणि नंतर छपाई व लोहारकाम सुरू झाले. कधीकाळी पोटासाठी शिकलेले धंदे आता कामी आले. पहिल्या चांभारांजवळ फादर स्वतः बसून टाके घालायला शिकवत.

पैशाचे व्यवहारही मुलांनीच सांभाळावेत, असा त्यांचा आग्रह होता. १८५० साली मुलांचे परस्पर साहाय्य मंडळ सुरू झाले. प्रत्येक सभासदाने दर रविवारी एक सोल्दो, म्हणजे पाच सेंटिम, जमा करायचे. सहा महिने वर्गणी भरलेला सभासद आजारी पडला, तर बरा होईपर्यंत त्याला दररोज पन्नास सेंटिम मिळत. आपल्याकडील बचत गटाचेच हे रूप म्हणावे लागेल.

नेतृत्व जबाबदारीतून येते

फादर बॉस्को यांचे सर्वांत मोठे धैर्य आम्हांस येथे दिसते. मुले मोठी होईपर्यंत ते थांबले नाहीत. लहान वयातच त्यांनी त्यांच्या खांद्यांवर जबाबदारी दिली. १८५४ साली तुरीनमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. लोक रुग्णांना सोडून पळत असताना वाल्दोक्कोतील चाळीसहून अधिक मुलांनी घरोघरी जाऊन त्यांची शुश्रूषा केली. त्यांतील एकही मुलगा साथीला बळी पडला नाही.

त्याच वर्षी डॉमिनिक साव्हियो तेथे दाखल झाला. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारताना, सातव्या वर्षीच, त्याने आपले जीवनसंकल्प लिहून ठेवले होते. ध्येय मनात असणे आणि ते कागदावर उतरवून रोज तपासणे यांतील फरक या बालसंताने ओळखला होता. १८५६ साली त्याने सोबत्यांसह निष्कलंक मरियेचे मंडळ स्थापन केले. नव्याने आलेल्या व वाट चुकणाऱ्या मुलांना सांभाळण्याचे काम मंडळातील मुलेच करीत. पुढच्याच वर्षी डॉमिनिकने देह ठेवला, परंतु त्या मंडळातील अनेक जण पुढे सालेशियन संघाचे आधारस्तंभ झाले.

वडिलांच्या मायेला पारखा झालेला मायकल रुआ हा मुलगा एकदा हात पुढे करून उभा राहिला. फादर बॉस्को यांनी आपला डावा तळहात उजव्या हाताने कापल्यासारखे करून अर्धा त्याला देऊ केला. मुलाला काहीच कळेना. आपण दोघे पुढे सारे काही निम्मे निम्मे वाटून घेणार आहोत, हा त्याचा अर्थ त्याला पुष्कळ वर्षांनी समजला. १८ डिसेंबर १८५९ रोजी सालेशियन संघाची स्थापना झाली, तेव्हा जमलेले बहुतेक जण फादरांच्याच छत्राखाली वाढलेले तरुण होते आणि रुआ त्यांच्यात होते. १८८८ ते १९१० या काळात त्यांनीच संघाची धुरा वाहिली.

मुलींसाठीही असेच कार्य उभे राहिले आणि ते एका खेड्यातून आले, हे साखऱ्यासारख्या गावांनी विशेष ध्यानी घ्यावे. मोर्नेझे गावातील मेरी माझारेल्लो ही शेतकऱ्याची मुलगी. १८६० साली विषमज्वराने तिची शक्ती गेली आणि शेतातील काम कायमचे सुटले. तेव्हा ती गावच्या शिंप्याकडे शिवण शिकली आणि मैत्रिणीच्या सोबतीने गावातील मुलींसाठी शिवणवर्ग सुरू केला. १८७२ साली तिच्याच नेतृत्वाखाली फादर बॉस्को यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. आज मेरी माझारेल्लो याही संत म्हणून गौरवल्या जातात.

आपल्या दारापर्यंत

३१ जानेवारी १८८८ रोजी फादर बॉस्को प्रभूच्या घरी गेले. १९३४ च्या इस्टरला परमगुरू पायस अकरावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या अनुयायांनी १९०६ साली तंजावर येथे भारतात पाऊल ठेवले आणि १९२८ साली ते मुंबईत आले. माटुंग्याचे मंदिर व शाळा अनेकांनी पाहिली असेल. आज १३० हून अधिक देशांत त्यांचे कार्य चालू आहे. विवेक, धर्मश्रद्धा आणि वात्सल्य ही त्या कार्याची त्रिसूत्री आहे.

मात्र प्रत्येक गावात मोठी संस्था येईल, म्हणून वाट पाहत बसणे या संताला रुचले नसते. त्यांनी आरंभ केला तो एका मुलापासून, आणि तोही वस्त्रागारात. आपल्या धर्मग्रामातील गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन, शिंपी आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारे कारागीर एकेका मुलाला हाताशी धरू शकतात. धर्मगुरू व पंच यांच्या साक्षीने शिकाऊ मुलाचा साधा लेखी करार करता येईल. मुलगा ऊसतोडीला किंवा शहराकडे निघाला, तर तेथील धर्मग्रामाला त्याची ओळख कळवता येईल. युवक मंडळाला दर रविवारी थोडी वर्गणी काढून आपला निधी उभारता येईल, आणि त्याचा हिशेब मुलामुलींनीच ठेवावा. हळद पिकवणाऱ्या गावातील तरुणांनी हळद दळून, पुड्या बांधून विकण्याचे पहिले भांडवल अशाच निधीतून का उभे राहू नये? त्यात एखादा व्यवहार बुडेल, एखादा मुलगा विश्वासघातही करील. पांघरुणे चोरीला गेल्यावरही फादर बॉस्को यांनी दार बंद केले नव्हते, याचे तेव्हा स्मरण करावे.

येत्या सणाला बक्षिसे वाटताना आपण पारावर बसलेल्या एखाद्या मुलाचे नाव आठवू या. मिस्सा संपल्यावर त्याच्याकडे जाऊन त्याला काय येते, एवढे तरी विचारू या. ख्रिस्ती जनांची साहाय्यकारिणी पवित्र मरिया आपल्या सर्व युवक-युवतींवर मायेची पाखर घालो, आणि संत जॉन बॉस्को त्यांच्यासाठी प्रभूपाशी विनवणी करोत, हीच आमची प्रार्थना.