साखळीवर पाय

सेकंड इयरच्या सर्व्हे कॅम्पला आमच्या बॅचला नदीकाठची एक टेकडी आणि तिच्या पायथ्याची शेतं मिळाली होती. पहिला दिवस खुंट्या ठोकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर सगळ्या खुंट्या गायब! बांधावर एक आजोबा बसलेले, आणि शेजारी आमच्या खुंट्यांची नीट बांधलेली मोळी. धरण होतंय की रस्ता जातोय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आम्ही कॉलेजची पोरं आहोत, मार्कांसाठी मोजतोय, हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला. पटल्यावर त्यांनी खुंट्या तर दिल्याच, वर ओंजळभर शेंगाही दिल्या. बॅचमधली मुलं पुढे आठवडाभर हा किस्सा सांगून हसत होती. मला काही फार हसू आलं नाही. मी सातवीत असताना आमच्या शेतातून कालव्याची मोजणी झाली होती. कुणी न सांगता, न विचारता आलेली माणसं, चुन्याच्या रेघा, आणि नंतर बाबांनी तालुक्याला घातलेले तीन वर्षांचे खेटे मला चांगले आठवतात.

त्या कॅम्पनंतर जर्नल पूर्ण करायला लायब्ररीत बसलो होतो. गंटरची साखळी 66 फुटांची, तिच्यात 100 कड्या, 80 साखळ्यांचा एक मैल, हे उतरवून काढताना समोरच्या जाड विश्वकोशात एका माणसाची हकीकत सापडली, आणि जर्नल तसंच राहिलं. (सबमिशनला काय झालं ते विचारू नका.) त्या माणसाचं नाव लुई रियेल. कॅनडात त्याचं नाव ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि आपल्याकडे ते ठाऊक असलेला माणूस सापडणं तितकंच कठीण.

रियेलचा जन्म 22 ऑक्टोबर 1844 चा, रेड नदीच्या काठच्या वस्तीतला. आज तिथे विनिपेग शहर आहे. तो मेती समाजाचा. फ्रेंच बोलणारे कातड्यांचे व्यापारी आणि क्री, ओजिब्वे अशा मूळ जमातींच्या बायका यांच्या संसारातून तयार झालेला हा समाज. रियेलच्या अंगात मूळ रहिवाशांचं रक्त हिशेबाने एक अष्टमांशच होतं, पण माणूस कुठल्या समाजाचा हे अपूर्णांकांवर ठरत नाही. बंडाचं बाळकडू घरातच मिळालं. 1849 मध्ये हडसन्स बे कंपनीने एका मेतीवर चोरट्या व्यापाराचा खटला भरला, तेव्हा कोर्टाबाहेर शेकडो मेती जमवून कंपनीची मक्तेदारी खिळखिळी करणाऱ्यांमध्ये त्याचे वडील पुढे होते. त्यांचंही नाव लुईच. त्यांची गिरणी होती. रियेल अकरा भावंडांत थोरला.

पोरगा हुशार, म्हणून बिशप ताशे यांनी 1858 मध्ये त्याला पाद्री होण्यासाठी माँट्रियलला धाडलं. आपल्याकडे गुरुजी एखाद्या गरिबाच्या मुलाला शहरातल्या बोर्डिंगात घालतात, तसंच. तिथे तो लॅटिन शिकला, कविता करू लागला. 1864 मध्ये वडील वारल्याची बातमी आली आणि त्याचं चित्त उडालं. पाद्रीपण सुटलं. मग एका वकिलाकडे कारकुनी केली. एका मुलीशी लग्न ठरलं, पण मेती जावई तिच्या घरच्यांना नको होता, ते मोडलं. शेवटी शिकागो, सेंट पॉल असं करत 1868 च्या उन्हाळ्यात तो घरी परतला. हातात डिग्री नाही, नोकरी नाही. पण फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही अस्खलित बोलणारा आणि लिहिणारा माणूस त्या वस्तीत दुर्मिळच होता.

आता मूळ भानगड सांगतो. 1670 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख एका कंपनीला सनद करून दिला होता. तो भारतापेक्षाही मोठा मुलूख होता, आणि तो कधी बघितलेला नसतानाच राजाने देऊन टाकला! दोनशे वर्षांनी, 1869 मध्ये, कंपनीने तो कॅनडाच्या नव्या सरकारला 3,00,000 पौंडांत द्यायचं ठरवलं. वर सुपीक पट्ट्यातली एक विसांश जमीन कंपनीने स्वतःकडे राखली. सौदा लंडनमध्ये झाला. रेड नदीच्या वस्तीत तेव्हा सुमारे 12,000 माणसं राहत होती, त्यातली बहुतेक मिश्र वंशाची. त्यांना कुणी काही विचारलं नाही, धड कळवलंही नाही. आपण विकले गेलो हे त्यांना वर्तमानपत्रांतून आणि ऐकीव गोष्टींतून समजलं.

एवढं असूनही कदाचित लोक गप्प राहिले असते. पण सौद्याचे पैसे पोचायच्या आधीच सरकारने मोजणीदार पाठवले. कर्नल डेनिस नावाचा मुख्य सर्व्हेयर 1869 च्या ऑगस्टमध्ये तिथे पोचला आणि चौकोनी आखणी करायच्या तयारीला लागला. सिव्हिलवाल्यांना ही पद्धत दिसायला फार सुरेख वाटेल. सरळ उभ्या-आडव्या रेषा, सारखे चौरस, ऑफिसात बसून हजार मैलांवरची जमीन विकता येईल असा हिशेब. पण मेती लोकांची शेतं चौकोनी नव्हतीच. ती नदीला काटकोनात जाणाऱ्या लांबच लांब पट्ट्यांसारखी होती. नदीवर तोंड थोडंसंच, आत लांबी मात्र साधारण दोन मैल, आणि त्यामागे आणखी दोन मैल गवत कापायचा हक्क. हे वेड्यासारखं वाटतं, पण विचार करून बघा. प्रत्येकाला पाणी, काठची झाडी, मागचं गवत, आणि घरं नदीकाठाने ओळीत असल्यामुळे हाकेच्या अंतरावर शेजारी. उणे तीस अंशांच्या थंडीत शेजारी जवळ असणं ही चैनीची गोष्ट नव्हे. चौकोन पाडले की एकाला सगळी नदी मिळते आणि चौघांना थेंबभर नाही. शिवाय बहुतेकांकडे जमिनीचे कागद नव्हते. आपल्या भाषेत सांगायचं तर कब्जा होता, सातबारा नव्हता. जुन्या कब्ज्याला धक्का लावणार नाही असं डेनिस सांगत होता, पण ते लिहून कुणी दिलं होतं?

11 ऑक्टोबर 1869 ला मोजणीची एक तुकडी रियेलचा नातलग आंद्रे नॉ याच्या गवताच्या रानात शिरली. मोजणारे इंग्रजी बोलणारे, आंद्रेला फ्रेंचच येत होतं. रियेल पंधरा-सोळा माणसं घेऊन आला. कुणाच्या हातात हत्यार नव्हतं. ते सगळे जमिनीवर पसरलेल्या साखळीवर उभे राहिले आणि इथून पुढे जायचं नाही, असं रियेलने मोजणीदारांना इंग्रजीत सांगितलं. मोजणीदारांनी साखळी गुंडाळली. रियेलचा पंचविसावा वाढदिवस अकरा दिवसांवर आला होता.

पुढचं सगळं भराभर घडलं. समिती झाली. कॅनडाने नेमलेला गव्हर्नर मॅकडुगल सरहद्दीवर आला, त्याला परत पाठवलं. 2 नोव्हेंबरला मेतींनी फोर्ट गॅरी हा कंपनीचा किल्ला ताब्यात घेतला. त्याच सुमारास बिचाऱ्या मॅकडुगलची वेगळीच फजिती झाली. गडबड बघून कॅनडाच्या सरकारने मुलूख ताब्यात घ्यायचं लांबणीवर टाकलं होतं. ते न कळल्यामुळे त्याने 1 डिसेंबरला राणीच्या नावाने जाहीरनामा स्वतःच काढला. कंपनीचं राज्य संपलेलं, कॅनडाचं सुरू न झालेलं. त्या पोकळीत 8 डिसेंबरला हंगामी सरकार जाहीर झालं आणि महिनाअखेर रियेल त्याचा अध्यक्ष झाला. याला बंड म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. या लोकांनी स्वातंत्र्य मागितलं नव्हतं. त्यांच्या हक्कांच्या यादीत होतं ते असं: आमचं निवडून आलेलं विधिमंडळ, संसदेत प्रतिनिधी, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषा, आणि जमिनीची हमी. म्हणजे आम्हाला कॅनडात घ्या, पण विचारून घ्या.

इथे रियेलच्या हातून एक चूक झाली आणि ती त्याला जन्मभर पुरली. हंगामी सरकारच्या विरोधात उठलेल्यांपैकी टॉमस स्कॉट नावाचा एक तापट तरुण कैदेत होता. तो मूळचा आयर्लंडचा कट्टर प्रोटेस्टंट. पहारेकऱ्यांशी त्याची सतत भांडणं व्हायची. 4 मार्च 1870 ला त्याला गोळ्या घातल्या. रियेलला हे थांबवता आलं असतं, त्याने थांबवलं नाही. मला वाटतं, आपलं सरकार हे खरं सरकार आहे हे दाखवायच्या हट्टापायी ते झालं. ओंटारियोतल्या प्रोटेस्टंटांना त्यातून हुतात्मा मिळाला, आणि जमिनीचं भांडण धर्माचं आणि भाषेचं होऊन बसलं.

तरी मागण्या बऱ्याचशा मान्य झाल्या. मे 1870 मध्ये मॅनिटोबा कायदा झाला, 15 जुलैला मॅनिटोबा कॅनडाचा पाचवा प्रांत झाला. मेती मुलांसाठी 14 लाख एकर राखून ठेवायचं ठरलं. पण माफीचं तोंडी आश्वासन तोंडीच राहिलं, आणि पाठोपाठ फौज आली. तिचा प्रमुख कर्नल वूल्झली हा 1857 च्या उठावात लखनौला लढून आलेला. म्हणजे आपल्याकडचं बंड मोडण्याचा अनुभव तिकडे कामी येणार होता. रियेल ऑगस्टमध्ये किल्ला सोडून पळाला.

यानंतरची पंधरा वर्षं सांगताना मलाच कसंतरी होतं. तो तीनदा संसदेवर निवडून आला, पण अटकेच्या भीतीने एकदाही जागेवर बसू शकला नाही. 1874 मध्ये गुपचूप ऑटावाला जाऊन त्याने सदस्यांच्या रजिस्टरात सही तेवढी केली आणि निसटला. 1875 मध्ये माफी मिळाली, ती पाच वर्षांच्या हद्दपारीच्या अटीवर. मग डोकं बिघडलं. आपण देवाने पाठवलेले प्रेषित आहोत असं त्याला वाटू लागलं. मित्रांनी खोट्या नावाने त्याला क्विबेकमधल्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, 1878 पर्यंत. पुढे तो अमेरिकेतल्या माँटानात गेला, लग्न केलं, दोन मुलं झाली, मिशनच्या शाळेत मास्तरकी करू लागला.

4 जून 1884 ला चार घोडेस्वार त्याला शोधत तिथे आले. पुढारी होता गाब्रिएल द्युमाँ, पट्टीचा शिकारी. मॅनिटोबात जमिनीच्या वाटपात वर्षानुवर्षं दिरंगाई झाली होती, दलालांनी हक्काचे कागद कवडीमोलाने घेतले होते, आणि कंटाळून पुष्कळ मेती पश्चिमेला सस्कॅचवान नदीकाठी जाऊन वसले होते. तिथेही त्यांनी पट्ट्याच पाडल्या. आणि तिथेही चौकोन आखणारे मोजणीदार पोचले! रानबैल संपलेले, मूळ जमाती उपाशी, अर्जांना उत्तर नाही. रेल्वेचा मार्ग दक्षिणेला हलवल्यामुळे गोरे वसाहतवालेही चिडलेले. रियेलने सगळ्यांचा मिळून अर्ज डिसेंबरमध्ये पाठवला. सरकारने आयोग नेमू म्हणून कळवलं. मार्च 1885 मध्ये पुन्हा हंगामी सरकार जाहीर झालं, पण या वेळी हत्यारं होती, आणि रियेलचं प्रेषितपणही होतं. गोरे आणि पाद्री दोघेही बाजूला सरले. द्युमाँला गनिमी काव्याने रूळ उखडायचे होते, रियेलने तो बेत होऊ दिला नाही.

1870 मध्ये फौजेला यायला तीन महिने लागले होते. या वेळी पहिल्या तुकड्या दहा दिवसांच्या आसपास पोचल्या, तेही सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला चार ठिकाणी रूळ टाकायचे बाकी असताना. दिवाळखोरीत निघालेली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे या बंडामुळे उपयोगी ठरली आणि तिला कर्ज मिळालं. बातोश गावात 9 ते 12 मे अशी चार दिवस लढाई झाली. गोळ्या संपल्यावर मेतींनी बंदुकीत खिळे आणि खडे भरले. 15 मे ला रियेल स्वतःहून स्वाधीन झाला.

खटला रेजायनाला चालला. सहा ज्युरी, सगळे इंग्रजी बोलणारे प्रोटेस्टंट. कायदा 1351 चा. वेडा ठरवून जीव वाचवावा ही वकिलांची खटपट, पण रियेलने कोर्टात उभं राहून आपण शहाणे आहोत हे ठासून सांगितलं. वेडा ठरलो तर लोकांच्या तक्रारीही वेडगळ ठरतील, हे त्याला कळत होतं. ज्युरींनी दोषी ठरवून दयेची शिफारस केली. ती पंतप्रधान मॅकडॉनल्ड यांनी मानली नाही. 7 नोव्हेंबर 1885 ला रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला आणि 16 नोव्हेंबरला रियेलला फाशी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, हे सहज आठवलं म्हणून सांगितलं.

1992 मध्ये कॅनडाच्या संसदेने त्याला मॅनिटोबाचा संस्थापक म्हणून मान्यता दिली. 2013 मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की त्या 14 लाख एकरांच्या वाटपात सरकारने आपलं कर्तव्य पाळलं नव्हतं. अर्ज 1870 चा, निकाल 2013 चा. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले की आपले तीन वर्षांतच मिटले म्हणायचे.

परवा कॉम्प्युटर लॅबमध्ये उपग्रहाच्या नकाशावर विनिपेग काढून बघितलं. शहराच्या दक्षिणेला नदीच्या दोन्ही काठांना अजूनही अरुंद लांब पट्ट्या दिसतात, फणीच्या दातांसारख्या. जरा दूर सरकवलं की चौकोन सुरू होतात, ते मग थेट क्षितिजापर्यंत.