देवगिरीवर लागलेली ग्रंथांची गोडी

तिथी फाल्गुन वद्य षष्ठी. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांना लाभलेले गुरुदर्शन, स्वामींचे निर्वाण आणि पुढे शके १५२१ मध्ये (इ. स. १५९९) नाथांनी गोदावरीत घेतलेली जलसमाधी, ही पाचही पर्वे परंपरा याच तिथीला मानते. गुरुशिष्यांची आयुष्ये एकाच तिथीत अशी गुंफली गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस तरी आठवत नाही.

तृषार्त गाढवाला पाजलेले गंगाजल, घरी पाणी भरणारा श्रीखंड्या या कथा आपल्या घरोघरी मुखोद्गत आहेत. परंतु पैठणच्या या पोरक्या मुलाला ग्रंथांची गोडी कोणी लावली, याचा विचार आपण क्वचितच करतो.

भानुदासांच्या कुळातील एकनाथांचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते गुरूच्या ओढीने देवगिरीस गेले, असे चरित्रकार सांगतात. तेथे भेटले ते मूळचे चाळीसगावचे, निजामशाहीतील किल्लेदार जनार्दनपंत देशपांडे. संन्यासी नव्हेत, दप्तर सांभाळणारे गृहस्थ! गडाचा कारभार पाहून उरलेला वेळ ते उपासनेत व ग्रंथवाचनात घालवीत. या मुलास त्यांनी आपल्याजवळ बसवून ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव शिकविले. गुरू स्वतः ज्यात रमला आहे तेच शिष्याला देतो, तेव्हा त्या शिकवण्याला वेगळाच रंग चढतो.

हिशेबातील एका पैची कथा सर्वश्रुत आहे. जमाखर्च जुळेना म्हणून एकनाथ रात्रभर वह्या चाळीत बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. स्वामींना जाग आली. एका पैच्या चुकीसाठी लागलेली ही तन्मयता भगवंताकडे वळली तर काय होईल, असे त्यांनी शिष्याला सुचविले. कीर्तनकार येथे थांबतात. आमच्या मते या कथेचा उत्तरार्ध सुमारे चाळीस वर्षांनी पैठणास घडला.

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी तीन शतके हातांनी नकलून घेतली जात होती. एका लेखनिकाची नजर चुकली की पुढच्या सर्व प्रतींत ती चूक उतरे. कोणी जुना शब्द कळेना म्हणून सोपा घाली, तर कोणी स्वतःचीच ओवी मध्ये बसवी. माउलींचे बोल कोणते आणि भर कोणती, हे ओळखणे दुर्घट होत चालले होते. अजानवृक्षाची मुळी कंठास लागल्याचा दृष्टान्त माउलींनी नाथांना दिला व नाथ आळंदीस गेले, ही कथा भाविक जाणतातच. त्यानंतर नाथांनी पाठ ताडून पाहिले, अशुद्धे काढली आणि शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) शुद्ध प्रत सिद्ध केली. इतकेच नव्हे, तर पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही लिहून ठेविली. ही दृष्टी देवगिरीच्या दप्तरात घडलेली होती, आणि त्या ओव्यांवरचे प्रेमही तेथलेच.

नाथांची स्वतःची ग्रंथरचनाही गुर्वाज्ञेनेच सुरू झाली. तीर्थयात्रेत स्वामींनी त्यांना चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका करावयास सांगितले. पुढे शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) वाराणसीस एकनाथी भागवत पूर्ण झाले. अभंगांवर त्यांनी मुद्रा घातली ती ‘एका जनार्दनी’. स्वतःचे नाव गुरूच्या नावावाचून त्यांना अपुरे वाटत असावे.

भावार्थरामायण मात्र हातून पुरे झाले नाही. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि लेखणी थांबली. नाथांच्या घरी पुरणपोळीच्या ओढीने राहिलेला गावबा नावाचा मुलगा होता. लोक त्यास मतिमंद समजत. उरलेले रामायण त्याने लिहून पुरे केले.