ठासणीची बंदूक आणि रजेचा अर्ज

आमच्या आंजीच्या घरात, मधल्या खोलीच्या भिंतीवर, दोन लाकडी खुंट्यांवर आडवी ठेवलेली एक बंदूक होती. आंजी (मोठी) म्हणजे वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागणारं गाव. गांधीजींचं सेवाग्राम आमच्याच तालुक्यातलं. त्यामुळे घरात चरखाही होता आणि बंदूकही होती. दोघांचं एकमेकांशी कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

बंदूक आजोबांची, पिकाच्या राखणीसाठी रीतसर परवाना काढून घेतलेली. रात्री पऱ्हाटीत, तुरीत रानडुकरं शिरायची, त्यांना पळवायला. आमच्याकडे तिला भरमार म्हणत; पुण्याकडचे लोक तिलाच ठासणीची बंदूक म्हणतात. एरवी तिचा उपयोग आवाजापुरताच व्हायचा. पण दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की आजोबा तिला वावरात नेत आणि एक गोळी निशाणावर झाडत. धुऱ्यावरच्या मातीच्या उंच बांधाला टेकवून एक फुटकं मडकं ठेवायचं, त्यावर चुन्याचा टिळा लावायचा आणि तिथून शंभर पावलं मोजायची. आम्ही पोरं पार मागे, कानांत बोटं घालून.

ती बंदूक भरणं हा एक सोहळाच असे. नळी उभी धरायची, मापानं दारू ओतायची, तेल लावलेल्या चिंधीत शिशाची गोल गोळी गुंडाळून नळीच्या तोंडाशी ठेवायची आणि गजानं ठासत ठासत तळापर्यंत न्यायची. गज आठवणीनं बाहेर काढायचा. मग घोडा मागे ओढून त्याच्याखाली टोपी बसवायची. आजोबांना या सगळ्याला चांगलं मिनिटभर लागे. मग नेम, मग चाप. पांढऱ्या धुराचा लोट उठला की काही क्षण कोणालाच काही दिसत नसे. गोल गोळी हवेत लवकर दमते. लांब जाता जाता ती भराभर खाली येते आणि आडवा वारा असला तर त्याच्याबरोबर सरकते. नळीत पिळाच्या खाचा असल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत सुटते आणि बरीच सरळ जाते, तीच रायफल. आजोबांची नळी आतून गुळगुळीत होती. म्हणून शंभर पावलांवरचं मडकं फुटलं, तर त्यात आपला कसब किती आणि दैव किती, याचा हिशेब ते मांडत नसत. मी ते दोनदाच फुटलेलं पाहिलं. नेम चुकला तरी त्या वर्षी दुसरी गोळी नाही. बंदूक पुसून परत खुंटीवर.

पुढे मी बँकेत लागलो आणि शाखांच्या बदल्यांमध्ये आयुष्य गेलं. अशाच एका बदलीच्या गावी, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात मला वासुदेव बळवंत फडके नव्यानं भेटले. शाळेत त्यांच्यावर दोन मार्कांची टीप लिहिली होती, तेवढीच आमची ओळख. आता मात्र दोन गोष्टींपाशी मी अडकलो. एक, हा माणूस हिशेबाच्या कचेरीतला कारकून होता. दुसरी, दिवसभर आकडे मांडून झाले की तो निशाण मारायला शिकत होता.

फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार; १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांकडे गेला. म्हणजे घरात पराक्रमाच्या गोष्टी होत्या आणि किल्ला मात्र नव्हता. थोडं इंग्रजी शिकून वासुदेव नोकरीला लागले. आधी रेल्वेत, मग पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात. पंधराएक वर्षं त्यांनी ती नोकरी केली. इंग्रजांच्या फौजेचा जमाखर्च ज्यांनी ओळीओळीनं पाहिला, त्यांनाच पुढे त्या फौजेशी लढायची उमेद वाटली, याचं मला फार नवल वाटतं. समोर केवढं बळ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं म्हणताच येत नाही.

त्याच नोकरीत असताना शिरढोणहून आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. वासुदेवांनी रजा मागितली. साहेबांनी ती वेळेवर दिली नाही. ते गावी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धासाठी रजा मागितली, तीही नाकारली गेली.

हे वाचताना पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. त्याचं कारण सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एका शाखेचा व्यवस्थापक असताना, मार्चअखेरच्या गर्दीत एका कारकुनानं माझ्यापुढे रजेचा अर्ज ठेवला होता. आई आजारी आहे, एवढंच कारण. मी अर्जावर शेरा मारला, ताळेबंद झाल्यावर पाहू. ताळेबंद बिनचूक झाला. त्याची आई मात्र २९ मार्चला गेली. त्यानं मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. तेव्हा फडक्यांचं चरित्र मी वाचलं ते त्यांच्या बाजूनं, आणि थोडंसं त्या साहेबाच्या खुर्चीत बसूनही.

फडक्यांनी नेमबाजीचे आणि तलवारीचे धडे घेतले ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या हाताखाली. लहुजींचा जन्म १७९४ चा. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्यांचे वडील पडले. पुढे त्यांनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालवली. जोतिराव फुलेही त्याच तालमीतले. मातंग समाजातला वृद्ध वस्ताद आणि चित्पावन ब्राह्मण शिष्य, हे त्या काळच्या पुण्यात साधं नव्हतं. फडक्यांनी मग पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तरुणांना शिकवायला सुरुवात केली. पत्नी गोपिकाबाईंनाही त्यांनी घोड्यावर बसायला आणि बंदूक चालवायला शिकवलं. हाच माणूस पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा काढणाऱ्यांतही होता.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. रस्त्यात थाळी वाजवून लोक गोळा करायचे आणि त्यांच्यापुढे बोलायचं, असा त्यांचा क्रम होता. १८७८ मध्येच लॉर्ड लिटनच्या सरकारनं हत्यारांचा कायदा आणला. आता हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर सरकारी परवाना हवा. गोऱ्यांना तो लागू नाही. म्हणजे दुष्काळात धान्य गेलं आणि कायद्यानं बंदूक गेली. पुढे १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत अशीही एक होती. चरखा आणि बंदूक आमच्या घरात सुखानं का नांदले, हे मला तेव्हा कळलं.

फेब्रुवारी १८७९ मध्ये फडके बाहेर पडले. बरोबर मुख्यतः रामोशी. पहिला छापा धामारी गावावर. सावकारांचा पैसा घ्यायचा, त्यातून माणसं आणि शस्त्रं उभी करायची आणि मग सरकारशी भिडायचं, असा बेत. पण तलवारी, भाले पुष्कळ आणि बंदुका थोड्या. इंग्रजी फौजेत तोवर मार्टिनी-हेन्री आली होती. तिच्यात काडतूस मागच्या बाजूनं सरकवायचं. मिनिटाला दहाएक गोळ्या सुटत आणि त्या शेकडो वार जात. ठासणीची बंदूक तेवढ्या वेळात दोन, फार तर तीन. ती दोन गोळ्यांमधली उसंत म्हणजे उघड्यावर उभं राहून मरणाची वाट पाहणं. अशा विषम सामन्यात नेम कितीही चांगला असला तरी पुरत नाही.

त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. सोबतच्या कित्येकांचं लक्ष स्वराज्यापेक्षा लुटीच्या वाट्याकडे आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ही निराशा लपवलेली नाही. एप्रिलमध्ये ते श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या पायाशी गेले. देह तिथेच ठेवावा इथवर मन आलं होतं. पण ते परतले, रोहिल्यांची फौज जमवायच्या खटपटीला लागले. मे महिन्यात कोकणातल्या छाप्यानंतर त्यांचा जिवाभावाचा सहकारी दौलतराव मारला गेला. सरकारनं फडक्यांवर इनाम लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्यावर इनाम लावलं! हिशेब खात्यातल्या कारकुनानं गव्हर्नरची किंमत ठरवली, यातली गंमत आम्हा बँकवाल्यांना जरा जास्तच कळते.

२० जुलै १८७९ च्या रात्री कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगीच्या देवळात ते तापानं फणफणून झोपले होते. मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना तिथे पकडलं. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूनं उभे राहिले. जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला नेलं. ऑक्टोबर १८८० मध्ये कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले. काही मैलांवर पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. वय सदतीस.

ताळेबंद मांडला तर हाती काय लागलं? राज्य हललं नाही, सैन्य उभं राहिलं नाही. पण मुंबई सरकारची झोप एका माजी कारकुनानं पाच महिने उडवली, आणि पुढच्या पिढीला कळलं की हे करता येतं. आजोबांच्या दसऱ्याच्या गोळीसारखंच हे. मडकं फुटो न फुटो, आवाज पंचक्रोशीत जाई.

आजोबा गेल्यावर नियमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. खुंट्या अजून भिंतीत आहेत. आंजीला गेलो की दोघींकडे नजर जातेच. आणि फडक्यांचं नाव निघालं की मला आधी बंदूक आठवत नाही. माझ्या सहीचा शेरा असलेला तो रजेचा अर्ज आठवतो. त्या प्रसंगानंतर निवृत्त होईपर्यंत मी आईच्या आजारपणाचा एकही अर्ज टेबलावर रात्रभर राहू दिला नाही. तेवढं एक शिकलो, पण नेम चुकल्यावर. आणि दुसरी गोळी नव्हतीच.