एकोपा मोजणाऱ्या इरावतीबाई

इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या नदीवरून नाव पडलं, पण त्या वाढल्या पुण्यात.

शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय माणूस श्रेष्ठ ठरवायचा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा काही संबंध नाही, हे प्रबंधात सरळ मांडलं. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध!

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. य. भा. दामले यांच्यासोबत त्यांनी गावांतल्या गटांचे संबंध अभ्यासले. पुस्तक १९६३ साली आलं. गावात एकोपा आहे का, असं विचारलं तर सगळे होच म्हणणार. म्हणून त्यांनी रोजचे व्यवहार पाहिले. शेजार कोणाचा, मैत्री कोणाशी, अडीनडीला धावतं कोण? दिसलं ते असं : कामापुरता संबंध सगळ्यांशी, जिव्हाळा मात्र बहुतेक नात्यात आणि जातीतच.

पुढे कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचीही त्यांनी जय निंबकर यांच्यासोबत पाहणी केली. १९७० साली त्यांचं निधन झालं.

आज तळेगाव एमआयडीसीजवळच्या वराळ्यासारख्या गावात जुने गावकरी आणि बाहेरून आलेली कुटुंबं शेजारी राहतात. ईदला शीरखुर्मा जातो, दिवाळीला फराळ येतो. चांगलंच आहे. पण मध्यरात्री घरात कोणी आजारी पडलं, तर आपण कोणाचं दार वाजवतो? आणि आपलं दार कोण वाजवतं? एकोप्याचं खरं माप तेच.