रेसर वळणावर गुडघा बाहेर का काढतात? यार्नो सारिनेनची गोष्ट

ही स्टाइल रुजवणाऱ्या सुरुवातीच्या रेसर्सपैकी एक होता फिनलंडचा यार्नो सारिनेन. १९४५ साली तुर्कूत जन्मलेला हा इंजिनिअर आधी बर्फावर बाईक पळवायचा. तिथे घसरणं रोजचंच!

गणित साधं आहे. शरीर वळणाच्या आत सरकवलं की त्याच वेगाला बाईक कमी झुकवावी लागते, खालचे भाग रस्त्याला घासत नाहीत. अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने हे सारिनेनकडे बघूनच उचललं.

१९७२ मध्ये तो २५० सीसीचा विश्वविजेता झाला. १९७३ च्या सीझनमधल्या २५० सीसीच्या पहिल्या तिन्ही शर्यतीही त्याच्याच.

चौथी मोन्झाला, २० मे रोजी. पहिल्याच लॅपला वेगवान वळणावर पुढचा रेन्झो पासोलिनी पडला. मागच्या सारिनेनला वाट काढायला जागाच नव्हती. दोघेही गेले. सारिनेन २७ वर्षांचा होता.