बाळंतिणीच्या भत्त्याचे पैसे कुणी द्यायचे? बाबासाहेबांनी १९२८ मध्येच उत्तर दिलं होतं

मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये आज पहिल्या बाळंतपणात थेट आईच्या खात्यावर येतात. पण बाळंतपणाचा भार सरकारनेही उचलायला हवा, हा मुद्दा मुंबईच्या कायदेमंडळात जवळपास शंभर वर्षांपूर्वी मांडणारा माणूस मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. सुभेदार रामजी आणि भीमाबाईंचं हे चौदावं अपत्य, आणि त्या भावंडांपैकी मोजकीच जगली. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत होतं. पत्नी रमाबाई तिथल्याच जवळच्या वणंदच्या. या दोघांना पाच मुलं झाली. मोठे झाले ते एकटे यशवंत. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी हे सगळं आपल्याला पाठ असतं. घरातले हे चार मृत्यू पटकन आठवत नाहीत.

दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांना बाळंतपणात भत्ता देण्याचं विधेयक कायदेमंडळात चर्चेला आलं. मालकांवर बोजा पडेल, ही तक्रार होतीच. बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे. लोकांचं कल्याण हे सरकारचं काम, म्हणून यातला मोठा वाटा सरकारने उचलावा. पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत.

१९२९ मध्ये कायदा झाला. देशातला असा पहिलाच. पैसे मात्र फक्त मालकाने द्यायचे ठरले, सरकारचा वाटा बाजूलाच राहिला.

पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या कायद्यात त्यांनी दुरुस्ती आणली. कामगार विम्याची आखणीही त्यांच्याच काळात सुरू झाली. १९४८ चा राज्य कर्मचारी विमा कायदा, म्हणजे आपलं ईएसआय, त्यातूनच आला. त्यात प्रसूती भत्ताही होता.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. देशभराचा मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, पण तोही नोकरदार बायकांसाठी. गरीब घरातल्या बाळंतिणीला सरकारी तिजोरीतून पैसे देणारी केंद्राची योजना यायला १९९५ उजाडलं. रक्कम होती ३०० रुपये.